फुल इंजिन

[सातारा, रविवार पेठ. गॅरेजचं शटर अर्धं वर. फुटपाथवर एक जुनी प्रिया स्कूटर.]

चौथ्या किकला ती सुरू झाली आणि दोन मिनिटांत पांढऱ्या धुरानं गॅरेजपुढचा रस्ता दिसेनासा झाला. मिस्त्रींनी हात वर केला, ताईंनी इंजिन बंद केलं. सायलेन्सरच्या तोंडात साठलेला काळा ओघळ मिस्त्रींनी बोटावर घेतला आणि नाकाशी नेला.

"हा टूटीचा वास न्हाई, ताई. गिअर ऑइल जळतंय." टूटी म्हणजे टू स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल.

ही प्रिया ताईंच्या वडिलांची. ते कोरेगाव तालुक्यात मास्तर होते. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचे ते दिवस. गाडी दारात आली तेव्हा आईनं हँडलला हार घातला होता, एवढं ताईंना पक्कं आठवतं. आणि ही गाडी साताऱ्याचीच. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत प्रिया तयार होऊ लागली. पुढं गिअरच्या स्कूटरची मागणी आटली. कारखाना डाय, जिग आणि फिक्स्चर, म्हणजे यंत्रकामाला लागणारे साचे आणि पकडी, यांच्या कामाकडे वळला. प्रिया मात्र अजून कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यात उभ्या आहेत.

मास्तर गेल्यावर ही गाडी अकरा पावसाळे पत्र्याखाली होती. नंतर ताईंनी ती चालू करून घ्यायचं मनावर घेतलं. दोन ठिकाणी नेली, दोन्हीकडे हाफ इंजिन झालं. म्हणजे हेड काढलं, सिलिंडर आतून घासून बोअर केलं, नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या. दोन्ही वेळा काही महिन्यांत पिस्टन जाम झाला. पैसे गेले, त्याहून जास्त मन गेलं. घरचे म्हणू लागले, भंगारात द्या.

मिस्त्री तिसरे. ते म्हणाले, "आता हाफ न्हाई. फुल इंजिन." म्हणजे इंजिन पुरतं उघडायचं.

[इंजिन लाकडी पाटावर. नटबोल्ट चहाच्या बशांमध्ये वेगवेगळे.]

दोष पिस्टनचा का नव्हता, हे कळायला टू स्ट्रोकचा श्वास समजून घ्यावा लागतो. फोर स्ट्रोकमध्ये खालच्या भागात नुसतं तेल असतं. तिथलं सील गेलं, तर खाली तेलाचा डाग पडतो आणि गाडी चालत राहते. टू स्ट्रोकचं तसं नाही. पिस्टन वर गेला की त्याच्या खालची पोकळी पेट्रोल, तेल आणि हवेचं मिश्रण आत ओढते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलते. ती पोकळी म्हणजे इंजिनचं फुप्फुस, आणि त्या फुप्फुसाला आरपार छेदून क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याची, दोन टोकं बाहेर येतात. एका टोकाला फ्लायव्हील हे जड चाक, दुसऱ्याला क्लच. दोन्हीकडे वारा अडवायला रबराचं एकेक कडं असतं. ते कडं म्हणजे ऑइल सील.

क्लचकडचं सील कडक झालं की फुप्फुस गिअर ऑइल ओढून घेतं. पांढरा धूर तो तिथला. फ्लायव्हीलकडचं गेलं की उघडी हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप रेस होतं, तापतं आणि पिस्टन धरतो. ताईंच्या गाडीची दोन्ही गेली होती. ज्यांनी बोअर केलं त्यांनी काम वाईट केलं असं नाही. ज्या वाटेनं हवा शिरत होती ती वाट मात्र कुणी पाहिलीच नाही. मला याचा राग येतो, कारण अशा कितीतरी गाड्या सीलपायी भंगारात गेल्या असतील.

मिस्त्रींनी गिअर ऑइलचा नट सोडला. पाव लिटर निघायला हवं होतं. कपभरसुद्धा निघालं नाही, आणि निघालं त्याला पेट्रोलचा वास.

[जवळून: पुलर, फ्लायव्हील, अर्धचंद्र चावी.]

फ्लायव्हील पुलरनं सुटलं. त्यामागची कॉइलची प्लेट काढली की तिकडचं सील बाहेरूनच निघतं. क्लचकडच्या सीलसाठी मात्र केस, म्हणजे इंजिनचं कवच, उभी फोडून दोन भाग करावे लागतात. म्हणूनच हाफ इंजिन करणारे तिथवर पोचत नाहीत.

केस उघडल्यावर मिस्त्री सगळ्यात आधी कार्बोरेटरखालच्या जागेवरून बोट फिरवतात. या इंजिनात मिश्रणाची वाट क्रँकची चकतीच फिरता फिरता उघडते आणि मिटते. चकती आणि कवच यांच्यात केसाएवढी फट असते. तिथं ओरखडे पडले की किक मारून पाय दुखतो, गाडी लागत नाही. इथं जागा गुळगुळीत होती. मिस्त्री पहिल्यांदा हसले.

मग कनेक्टिंग रॉड धरून वरखाली हलवला. टक्. बिगएंड, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, गेलेलं. क्रँक लेथवाल्याकडे गेला. प्रेसवर दाबून जुनी पिन काढली, नवा रॉड बसला. मग दोन सेंटरमध्ये धरून, वाकडेपणा काट्यावर दाखवणारा डायल गेज लावून, तांब्याच्या हातोडीनं ठोकत क्रँक सरळ केला. मिस्त्रींना काटा तीन शतांश मिलिमीटरच्या आत हवा होता. दुपारचे तीन वाजले, जेवण राहिलं, काटा आत आला तेव्हाच ते उठले.

[जवळून: तळहातावर जुनं आणि नवं सील.]

जुनं सील बघा. रबराची आतली कड काचेसारखी टणक झाली आहे. नखानं दाबली तर वाकत नाही, तुटते. कडेमागं केसासारखी बारीक गोल स्प्रिंग असते, तिनं कड शाफ्टवर, म्हणजे क्रँकच्या टोकावर, आवळून धरायची. ती गंजून गेली आहे. अकरा वर्षं एकाच जागी उभं राहिलं की कड शाफ्टला चिकटते, आणि पहिल्या किकलाच फाटते.

नवं सील तपकिरी आहे, व्हायटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं. साध्या काळ्या रबराऐवजी हे घ्यायला मिस्त्रींनी आग्रह धरला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या भागात ऊस, कारखाने आणि इथेनॉल सगळं घरचंच, पण जुन्या गाड्यांचं रबर त्या पेट्रोलसाठी केलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं. उभ्या गाडीत तो ओलावा बेअरिंगपर्यंत पोचतो.

बेअरिंगसाठी केस तापवली. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे, तेवढीच. गार बेअरिंग आपसूक आत उतरलं, हातोडी लागली नाही. सील बसवताना कडेला ग्रीस, स्प्रिंगची बाजू फुप्फुसाकडे, आणि बरोबर मापाच्या पाइपानं सगळीकडून सारखा दाब. क्रँक, रिंगा, सिलिंडर चढले.

आणि मग चाचणी. इनलेट आणि सायलेन्सरची वाट रबरानं बंद केली, सायकलच्या पंपानं हवा भरली. दाबाचा काटा सहा पीएसआयवर. सगळीकडे साबणाचं पाणी.

फ्लायव्हीलकडे एक बुडबुडा आला. मग दुसरा.

कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी नुकतंच बसवलेलं सील काढलं, चष्मा वर करून उन्हात धरलं. कडेवर एक बारीक चीर होती. शाफ्टवर फ्लायव्हील जागेवर धरणाऱ्या अर्धचंद्र चावीची खाच असते, तिच्या धारेनं नवी कड कापली होती. बसवणारा पोरगा खाली मान घालून उभा. मिस्त्री त्याला म्हणाले, "खाचेवर टेप गुंडाळायची, मग सील सरकवायचं. मीसुद्धा असंच एक कापलं होतं." त्यांनी दुसरं सील त्याच्याच हातात दिलं. टेप लावली, सील बसलं, टेप ओढून काढली. पुन्हा हवा. सहा. पाच मिनिटं झाली, काटा सहावरच.

[यवतेश्वरचा घाट. सकाळ.]

पेट्रोलमध्ये लिटरमागं ३० मिलि टूटी, सुरुवातीला थोडं जास्तच. ताई चालवत होत्या, मिस्त्री मागं बसले होते. मागं किल्ले अजिंक्यतारा, खाली सातारा. आरशात धुराची एक बारीक निळी रेघ, पांढरं काही नाही.

अर्ध्या चढावर मिस्त्रींनी खांद्यावर थोपटलं. "आता क्लच दाबा, बंद करा."

गरम प्लग फडक्यात धरून त्यांनी काढला. पांढरा असता तर हवा अजून शिरते आहे, काळा ओला असता तर तेल. ताई वाकून बघत होत्या.

"काका, कसा आहे?"

मिस्त्रींनी प्लग फडक्यासकट ताईंच्या तळहातावर ठेवला. टोक तपकिरी होतं, चहासारखं.

"चला, पुढं कासपर्यंत जाऊ. पण ॲक्सिलेटर अर्धाच."