कॅमेऱ्याशेजारची बाई

नमस्कार. माइकवाल्या दादांनी सांगितलंय, जवळ येऊन बोला. आमच्या ह्यांनी सांगितलंय, आटोपशीर बोला. प्रोजेक्टर ह्यांच्या हातात आहे, त्यामुळे ह्यांचं ऐकावं लागेल.

पत्रिकेत तुम्ही छापलंय, 'एक लिहिते, एक फोटो काढतो : एका दांपत्याची भटकंती'. पण आमची भटकंती दहा मिनिटांत सांगून संपेल, त्यातली पाच मिनिटं चुकलेल्या एसट्यांची. म्हणून मी दुसऱ्याच एका जोडप्याची गोष्ट घेऊन आलेय. मार्टिन आणि ओसा जॉन्सन. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातली माणसं. समुद्र तिथून शेकडो मैल लांब, आणि ह्यांचं नाव झालं ते समुद्रापलीकडच्या चित्रांमुळे.

मार्टिनचे वडील दागिन्यांचे व्यापारी, दुकानात कोडॅक कंपनीचं फोटोग्राफीचं सामानही ठेवायचे. १९०६ च्या सुमारास जॅक लंडन हा लेखक 'स्नार्क' नावाची छोटी शिडाची बोट बांधून जगप्रवासाला निघणार होता. मार्टिनने पत्र टाकलं, मला घ्या. लंडनने तारेनं विचारलं, स्वयंपाक येतो का? ह्यानं बेधडक हो कळवलं, आणि मग शिकायला धावला. आपल्याकडेही लग्न ठरताना मुली असंच सांगायच्या, त्यामुळे मला त्याच्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. १९०७ मध्ये बोट निघाली. लंडन आजारी पडल्यानं जगप्रवास अर्ध्यातच आटोपला, पण एक गोष्ट मार्टिनने त्या बोटीवर रोज पाहिली : लंडनची बायको शार्मियन सोबत होती, आणि तीही रोजच्या रोज लिहीत होती. पुढे एकाच प्रवासाची दोघांची दोन वेगळी पुस्तकं निघाली. नवराबायकोनं मिळून जग पाहायचं आणि ते लोकांना सांगायचं, हे मार्टिनच्या डोक्यात तिथूनच आलं असावं. हा माझा अंदाज.

परतल्यावर त्यानं गावात थिएटर काढलं. पडद्यावर दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांची चित्रं, आणि शेजारी उभा राहून हा बोलतोय. अगदी मी आत्ता करतेय तेच. १९१० मध्ये जवळच्या शनूट गावच्या ओसा लेटीशी त्यानं लग्न केलं, तेही पळून जाऊन. तो पंचवीस वर्षांचा, ती सोळाची. पुढची काही वर्षं दोघं गावोगाव नाट्यगृहांतून कार्यक्रम करत फिरले. तो चित्रं दाखवायचा, ती हवाईची गाणी म्हणायची, नाचायची. हवाई तिनं तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं! सगळे पैसे साठवायचे ते बेटांवर जायला.

१९१७ मध्ये ते न्यू हेब्रिडीजमधल्या मालेकुला बेटावर पोचले. आजचा वानुआतू देश. तिथल्या 'बिग नाम्बास' लोकांचा प्रमुख निहापाट. डोंगरात ह्या दोघांना त्या लोकांनी धरलं, आणि खाली खाडीत ब्रिटिश गस्तीची बोट दिसली म्हणून निसटता आलं. ह्या प्रसंगावर त्यांनी जन्मभर व्याख्यानं दिली. दर व्याख्यानागणिक प्रसंग थोडा वाढलाही असेल, आमच्या घरचा अनुभव धरून सांगते.

पण मला आवडतो तो दोन वर्षांनंतरचा प्रसंग. १९१९ मध्ये ते परत गेले, ह्या वेळी बंदूकधारी माणसं घेऊन, आणि सोबत प्रोजेक्टर. पडदा बांधला आणि त्याच लोकांना त्यांचंच चित्रण दाखवलं. त्यांनी पडद्यावर ओसाला ओळखलं, मार्टिनला ओळखलं, आपल्या निहापाटला ओळखलं. मग एक माणूस दिसला. तो वर्षभरापूर्वी वारला होता. आता पडद्यावर चालत होता.

जरा थांबते इथे. अहो, पुढचा लावू नका अजून.

आम्ही एकदा वेळासला गेलो होतो, रत्नागिरी जिल्ह्यात, कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला. ज्यांच्या घरी उतरलो त्या बाई चुलीवर घावने काढत होत्या, ह्यांनी फोटो घेतला. फार सुंदर फोटो, धुरातून येणारी तिरीप वगैरे. दिवाळी अंकात पानभर छापून आला. पुढच्या वर्षी अंक घेऊन मोठ्या उत्साहानं गेलो. बाईंनी पदराला हात पुसले, पान डोळ्यांजवळ धरलं. म्हणाल्या, "मागची भिंत सारवायची राहिली होती हो, तेवढी कशाला घेतलीत?" मग फोटोखालची ओळ वाचली. 'कोकणातली आजी', मीच लिहिलेली. म्हणाल्या, "आजी कुणाची? मला पोर ना बाळ."

फोटो ह्यांचा होता, चूक माझी. म्हणून निहापाटच्या लोकांनी पडदा पाहिला त्या रात्री ते काय काय म्हणाले असतील, ह्याचा मी फार विचार करते. आपल्याला मार्टिननं टिपून ठेवलं तेवढंच मिळतं. आणि त्यानं त्यांना जगापुढे मांडलं ते 'नरभक्षक' म्हणून, सिनेमाच्या आणि पुस्तकाच्या नावातच. त्यावर तिकिटं खपली.

हं, लावा पुढचा. हा आफ्रिकेतला. मार्टिन तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागे, शेजारी ओसा, हातात बंदूक. तेव्हाच्या अशा कॅमेऱ्याला दांडा असायचा, तो एका लयीत फिरवायचा. लय चुकली की पडद्यावरचा हत्ती धावायला लागणार नाहीतर रांगायला. म्हणजे डोळा भिंगाला, हात दांड्याला, आणि समोरून गेंडा येतोय. ह्या माणसाचा जीव संपूर्ण शेजारच्या बाईच्या नेमावर. ती गोळी घाई करून झाडणार नाही, कारण मग चित्र गेलं. उशीर करणार नाही, कारण मग नवरा गेला. मी संसाराची ह्याहून नेमकी व्याख्या ऐकलेली नाही.

प्रेक्षक मात्र म्हणत, किती गोड दिसते हो, जंगलातसुद्धा नीटनेटकी! चित्रात ती आहे म्हणून ती शोभेची, असा सगळ्यांचा समज.

१९२४ पासून जवळजवळ चार वर्षं ते केनियाच्या उत्तरेला, मार्साबिटच्या जंगलात, एका विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्याकाठी राहिले. 'लेक पॅराडाइज' म्हणायचे त्याला. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाचा पाठिंबा होता, आणि पैसा देणाऱ्यांत खुद्द कोडॅकचा जॉर्ज ईस्टमन. तिथं त्यांनी गावच वसवलं : झोपड्या, गोठा, फिल्म धुण्याची खोली. ओसानं भाजीचा मळा केला, त्यात हत्ती घुसायचे. रात्री जनावरांच्या वाटेवर तार बांधून ठेवायचे. सिंहाचा पाय तारेला लागला की उजेडाचा भपका आणि फोटो. सिंह आपला फोटो आपणच काढायचा. आज अभयारण्यांत कॅमेरा ट्रॅप लावतात, त्याची ही पणजी.

पुढचं पटापट सांगते. मग विमानं. दोघंही उडवायला शिकले. पाण्यावर उतरणारी दोन सिकॉर्स्की विमानं घेतली. एकावर झेब्र्याचे पट्टे, त्याचं नाव 'ओसाज आर्क', दुसऱ्यावर जिराफाचे ठिपके. १९३३-३४ मध्ये त्यांतून किलिमांजारो आणि माउंट केनिया वरून चित्रित केले. अहो, ते पट्टेवालं दाखवा. बघा! आपल्याकडे ट्रक रंगवतात तशातलीच हौस.

आता न आवडणारं. कांगोच्या इतुरी जंगलात त्यांनी ध्वनिचित्रण केलं, १९३२ मध्ये चित्रपट आला. त्यात ठेंगण्या म्बुती लोकांना सिगार ओढायला देतात, फुगा फुगवायला देतात, जॅझवर नाचायला लावतात आणि हसतात. माणसं चित्रात आहेत, पण ती कोण, कुणाची, काही नाही. सिंहाला ह्यांनी जितका धीर धरून पाहिलं, तितकं ह्या माणसांना पाहिलं नाही. तेव्हाचा काळच तसा होता, असं मला सांगतात. पण तेव्हा काळ सगळ्यांचाच होता, म्बुतींचाही.

जानेवारी १९३७. व्याख्यानांचा दौरा चालू असताना कॅलिफोर्नियात प्रवासी विमान डोंगरावर आदळलं. आफ्रिकेत स्वतः विमानं उडवलेला माणूस तिकीट काढून बसलेल्या विमानात गेला. ओसा वाचली, पाय मोडला. आणि ठरलेला दौरा तिनं पुरा केला, चाकाच्या खुर्चीत बसून. इतकी वर्षं पडद्यावर दिसलेली बाई आता पडद्याशेजारी, त्याच्या जागेवर.

१९४० मध्ये तिच्या नावानं आत्मचरित्र आलं, 'आय मॅरिड अ‍ॅडव्हेंचर', झेब्र्याच्या पट्ट्यांच्या वेष्टनात. अमेरिकेत त्या वर्षी कथा-कादंबऱ्या सोडून सगळ्यांत जास्त खपलेलं पुस्तक ते. लेखणी भाड्याची होती. ह्यावरून तिला नावं ठेवणारे भेटतात. आपल्याकडे होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, मुंबईत फोटो काढायला लागल्या, तेव्हा त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावावर छापले गेले होते. त्यावरून माणेकशांना नावं ठेवलेली मी तरी ऐकली नाहीत.

१९५२ मध्ये ओसानं टीव्हीवर वन्यजीवनाची मालिका केली, जुनंच चित्रण वापरून. जानेवारी १९५३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये गेली. शनूटला दोघांच्या नावाचं संग्रहालय आहे, १९६१ पासून.

हे मनगटावरचं घड्याळ दाखवतायत. बरं. वेळासच्या बाईंचं राहिलं. आम्ही अंकाच्या संपादकांना दुरुस्ती पाठवली, बाईंचं पूर्ण नाव आणि आडनाव घालून. ती छापून आली नाही. मग ह्यांनी घरीच फोटो मोठा करून घेतला, खाली नाव घातलं आणि पोस्टानं पाठवला. पोच आली फोनवर. आता भिंत सारवलेली आहे, म्हणाल्या, परत या.

मार्चमध्ये जातोय.