घराचा पत्ता, धंद्याचा पत्ता

नमस्कार श्रोतेहो.

कंपनी काढायला निघालेला माणूस आपल्या सीएला किंवा सीएसला, म्हणजे कंपनी सेक्रेटरीला, दोन प्रश्न हमखास विचारतो. खर्च किती येईल, आणि दिवस किती लागतील? तिसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. मी जे कागद देतोय, त्यातलं काय काय उद्या लोकांना दिसणार आहे? आज या तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं बोलायचं आहे.

समजा, तुम्ही आणि तुमची बहीण मिळून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढताय. ऑफिस अजून घेतलेलं नाही, म्हणून राहत्या फ्लॅटचाच पत्ता रजिस्टर्ड ऑफिस म्हणून देता. लाइट बिल बाबांच्या नावावर असतं, त्यांची ना हरकत घेता, काम होऊन जातं. कायद्याला हे चालतं, आणि सुरुवातीला बहुतेक जण हेच करतात. पण 2013च्या कंपनी कायद्याचं बारावं कलम वाचलंत, तर त्या फ्लॅटचं पुढं काय होतं ते कळतं. कंपनीचं नाव आणि रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता दाराबाहेर लावायचा, सहज वाचता येईल असा, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेतसुद्धा. म्हणजे आपल्याकडे मराठीत. शिवाय लेटरहेडवर, बिलावर, नोटिशीवर तोच पत्ता, कंपनीचा नोंदणी क्रमांक, फोन आणि ईमेल. हे केलं नाही तर रोज हजार रुपये दंड, एक लाखापर्यंत. तो कंपनीला होतो आणि जबाबदार अधिकाऱ्यांनाही वेगळा होतो. सोसायटीच्या जिन्यात पाटी लागली की सेक्रेटरी काय म्हणतील, हा आणखी निराळा विषय.

हे झालं दारावरचं. आता पडद्यावरचं बघू. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कुठल्याही कंपनीचं नाव टाका. तिचं रजिस्टर्ड ऑफिस कुठं आहे, संचालक कोण, हे फुकट दिसतं. त्याच्या आत आणखी एक खिडकी आहे. कायद्याचं कलम 399 म्हणतं की कंपन्यांच्या निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयाकडे, दाखल झालेले कागद कुणालाही फी भरून पाहता येतात. ही फी एका कंपनीला शंभर रुपये. तुम्ही कोण, कशासाठी बघताय, याचं कारण द्यावं लागत नाही.

या शंभर रुपयांत मेमोरँडमचं, म्हणजे कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजाचं, शेवटचं पान दिसतं. त्यावर पहिल्या भागधारकांची नावं, पत्ते आणि व्यवसाय लिहिलेले असतात. कंपनी काढताना त्या पानावर घाईनं सही केलेली असते. पुढं फ्लॅट विकला, गाव बदललं, लग्न होऊन बहीण दुसऱ्या शहरात गेली, तरी ते पान तसंच राहतं. कंपनीचा पत्ता बदलता येतो, त्याचा फॉर्म आहे. त्या जुन्या पानावरचा घरचा पत्ता मात्र तुम्ही आज अर्ज केला म्हणून पुसला जात नाही.

कुणी म्हणेल, आता डेटा संरक्षणाचा कायदा आलाय ना? आलाय, 2023चा. पण त्याच्या तिसऱ्याच कलमात एक वाट मोकळी ठेवलेली आहे. एखाद्या कायद्यानं जी माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे आणि त्याप्रमाणे ती जाहीर झाली आहे, तिला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे कंपनी कायद्यानं जी माहिती उघडी ठेवली, ती झाकायला हा नवा कायदा पुढं येणार नाही.

कंपनी झाल्यावर फोन सुरू होतात. चालू खातं उघडा, कर्ज घ्या, ट्रेडमार्क करा, वेबसाइट करून देतो. हे नुसतं डोकं खाणारं असतं. त्यामानानं जास्त धोक्याची असतात ती सरकारी वाटावीत अशी पत्रं आणि मेल. तुमची अमुक नोंदणी बाकी आहे, इतके रुपये तातडीनं भरा. वर राजमुद्रेसारखं काहीतरी छापलेलं, खाली खात्याचा क्रमांक. त्यातला पत्ता बरोबर असतो, संचालकांची नावं बरोबर असतात, म्हणून नवा माणूस फसतो. ती माहिती जगाला उघडी आहे हे ज्याला ठाऊक असतं, तो फक्त नाव-पत्ता बरोबर आहे म्हणून विश्वास ठेवत नाही. कंपनीसाठी पहिल्या दिवसापासून वेगळा सिम आणि वेगळा ईमेल ठेवा, एवढं तरी कराच.

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांची कंपनी नसेल. दुकानाचा गुमास्ता परवाना काढला, लघुउद्योगाच्या उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र घेतलं, जीएसटी नंबर मिळाला, झाला धंदा सुरू. अशा एकट्या मालकाला वाटतं की आपण तर छोटे, आपल्याला कोण शोधतंय. प्रत्यक्षात त्याचं नाव तर अधिकच सहज सापडतं.

जीएसटीचा नंबर पंधरा अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. अगदी जसाच्या तसा. धंदा स्वतःच्या नावावर असेल तर तो तुमचा वैयक्तिक पॅन, आणि तो तुमच्या प्रत्येक बिलावर छापला जातो. दुकानाचं नाव 'समृद्धी एंटरप्रायझेस' असलं तरी पोर्टलवर हा नंबर टाकला की कायदेशीर नाव म्हणून तुमचं पूर्ण नाव आणि धंद्याचं मुख्य ठिकाण समोर येतं. नियमाप्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र दुकानात दर्शनी जागी लावायचं आणि नंबर पाटीवर लिहायचा, हे दुकानदारांना माहीत असतंच. तोच नियम घरातल्या हॉलमध्ये टेलरिंग करणाऱ्या बाईलाही लागू होतो, हे तिला सहसा कुणी समजावून सांगत नाही.

भागीदारी फर्म असेल तर 1932च्या कायद्यापासूनच फर्मची नोंदवही कुणालाही फी भरून पाहता येते, आणि नोंदणीच्या अर्जात भागीदारांचे कायमचे पत्ते असतात.

आणि खाण्याचे पदार्थ! लोणची, मसाले, पापड, दिवाळीचा फराळ. खाद्यपदार्थांच्या लेबलच्या नियमांप्रमाणे पाकिटावर ज्याच्या नावानं पदार्थ विकला जातो त्याचं नाव आणि पूर्ण पत्ता लागतो. तक्रारीसाठी फोन आणि ईमेलसुद्धा. घरच्या ओट्यावर भाजलेला गोडा मसाला ठाण्याच्या एखाद्या प्रदर्शनात विकायला ठेवला की त्या बाईच्या स्वयंपाकघराचा पत्ता अनोळखी माणसांच्या हातात पोचतो. बहुतेक वेळा त्यातून काही होत नाही. पण एकटी राहणारी, किंवा घरगुती हिंसाचारातून बाहेर पडून नव्या गावात उभी राहू पाहणारी बाई असेल, तर तिच्यासाठी तो पत्ता म्हणजे फक्त टपालाची सोय नसतो. बचत गटांना धंदा शिकवणाऱ्या वर्गांत पॅकिंग शिकवतात, भाव कसा काढायचा ते शिकवतात. हा एक तासही असायला हवा असं माझं मत आहे.

आता दुसरी बाजू. ही उघडी नोंदवही काही उगाच ठेवलेली नाही. ज्या कंपनीला दारच नाही, पाटी नाही, मालक कोण ते सांगता येत नाही, अशा कागदी कंपन्यांतून किती पैसा फिरला हे आपण पाहिलेलं आहे. 2017-18मध्ये सरकारनं सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्या नोंदवहीतून काढून टाकल्या. 2019मध्ये जुन्या कंपन्यांना रजिस्टर्ड ऑफिसचे फोटो मागितले गेले, बाहेरून इमारतीचा आणि आतून संचालकासकट. 2022च्या ऑगस्टमध्ये नवा नियम आला, की निबंधकाला शंका आली तर तो स्थानिक दोन साक्षीदार बरोबर घेऊन पत्त्यावर येऊन पाहू शकतो, गरज पडली तर पोलिसांना घेऊन.

आणि आपण सगळे ही खिडकी वापरतोच की. फ्लॅट घेताना महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरची माहिती पाहतो. आगाऊ पैसे देण्याआधी सप्लायरचा जीएसटी नंबर तपासतो. नोकरीचं पत्र आलं की मुलगा कंपनी खरी आहे का ते पोर्टलवर शोधतो. समोरच्याबद्दल ही माहिती हवी असेल, तर आपलीही तिथं असणार.

म्हणून मालकाचं नाव लपवून देतो असं कुणी सांगत आला, तर सावध व्हा. भारतात ती वाट सरळ नाही. दहा टक्के किंवा त्याहून जास्त खरा हिस्सा ज्याच्याकडे आहे, मग तो कितीही थरांच्या मागे असो, त्याला 2019पासूनच्या नियमांप्रमाणे कंपनीकडे तसं जाहीर करावं लागतं, आणि कंपनी ते निबंधकाला कळवते. दुसऱ्याच्या नावावर हिस्सा ठेवणं म्हणजे तर बेनामी कायद्याच्या दारात स्वतःहून जाणं. पुण्या-मुंबईतली काही मुलं अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात कंपनी काढतात. तिथल्या नोंदणीच्या कागदावर मालकाचं नाव लागत नाही, हे खरं आहे. पण तो कागद तिथला. तुम्ही भारतात राहत असाल तर तो हिस्सा तुमच्या आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावाच लागतो. लपवला तर 2015च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

नाव आणि घर या दोन गोष्टी मात्र वेगळ्या करता येतात, आणि माझा मुद्दा तोच आहे. ब्रिटनचं उदाहरण घ्या. 2001मध्ये तिथं प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या एका प्रयोगशाळेच्या व्यवस्थापकीय संचालकावर त्याच्या घराबाहेर हल्ला झाला. संचालकांच्या घरचे पत्ते तेव्हा सरकारी नोंदवहीत सगळ्यांना खुले होते. आधी ज्यांना धोका आहे त्यांनाच पत्ता झाकायची सवलत मिळाली. मग ऑक्टोबर 2009पासून सगळ्याच संचालकांना पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता देता येऊ लागला. तो जगाला दिसतो, घरचा पत्ता सरकारी दप्तरात बंद राहतो. पुढं 2018मध्ये जुन्या कागदांतला घरचा पत्ता झाकून घेण्याची वाटही मोकळी झाली. गंमत अशी की याच काळात, 2016पासून, कंपनीच्या खऱ्या मालकांची नावं त्यांनी लोकांना फुकट दाखवायला सुरुवात केली. म्हणजे मालक आणखी उघडा केला आणि त्याचं घर झाकलं. युरोपीय न्यायालयानं 2022च्या नोव्हेंबरमध्ये मालकांची यादी सरसकट सगळ्यांना खुली ठेवणंच अमान्य केलं. तो निकाल मला थोडा दुसऱ्या टोकाला गेलेला वाटतो. पत्रकारांचं काम त्यानं अवघड झालं.

आपल्याकडे निम्मं पाऊल पडलेलं आहे. एप्रिल 2022पासून कंपनीच्या भागधारकांची नोंदवही पाहायला कुणी आलं, तर पत्ता, ईमेल आणि पॅन दाखवायचे नाहीत असा नियम आहे. पण संचालकाला पत्रव्यवहाराचा वेगळा पत्ता देऊन घरचा झाकता यावा, अशी ब्रिटनसारखी सोय इथं नाही. ती मागायला हवी. व्यापारी संघटना दर वर्षी अर्थसंकल्पाआधी निवेदनं देतातच, त्यात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

तोपर्यंत आपल्या हातात काय? रजिस्टर्ड ऑफिस घरी ठेवू नका, एवढं नक्की. महिन्याला थोडे पैसे देऊन सामायिक ऑफिसात जागा मिळते, भाडेकरार, लाइट बिल, मालकाची ना हरकत सगळं मिळतं. काही जण सीएच्या ऑफिसचा पत्ता देतात. तेही चालतं, पण त्यातली अट नीट ऐका. तिथं आलेलं प्रत्येक पत्र घेणारा आणि पोच देणारा माणूस हवा, हे कायद्याचंच वाक्य आहे. कोर्टाचं समन्स, आयकराची नोटीस, सगळं याच पत्त्यावर येतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही तरी पोचलं असं धरलं जाऊ शकतं. स्वस्तातल्या 'व्हर्च्युअल' ऑफिसात पत्रं कोपऱ्यात साचत राहतात आणि इकडे एकतर्फी आदेश निघतो. जागा घेण्याआधी तिथं जाऊन दुपारी कोण बसलेलं असतं ते बघा.

घरगुती उद्योगवाल्यांना हे जमणं कठीण, कारण पदार्थ घरीच बनतो आणि पाकिटावर बहुधा तोच पत्ता येतो. गटानं मिळून एखादी सामायिक जागा घेऊन पदार्थ बनवायचं आणि पॅकिंग करायचं काम तिथं केलं, तर पाकिटावर त्या जागेचा पत्ता येतो. परवाने मात्र त्या जागेचेच काढावे लागतात.

ज्यांनी घरचा पत्ता आधीच दिलाय, त्यांनी तो बदलून घ्यावा. त्याच शहराच्या हद्दीत बदलायचा असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि तीस दिवसांत फॉर्म, काम सोपं आहे. हद्दीबाहेर न्यायचा असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. मुंबईच्या निबंधकाकडून पुण्याच्या निबंधकाकडे जायचं असेल तर वर केंद्र सरकारच्या प्रादेशिक संचालकांची परवानगीही लागते. जीएसटीत बदल पंधरा दिवसांत कळवायचा असतो. त्यानंतर पाटी, लेटरहेड, बिलबुक, बँक, आणि मोबाइलच्या नकाशावर तुम्हीच हौसेनं टाकलेलं ते ठिकाण, तेही काढून टाका.

आणि जे अजून सहीपर्यंत पोचलेले नाहीत, त्यांनी सीएससमोर बसल्यावर एवढंच म्हणावं: मॅडम, यातला कुठला कागद शंभर रुपयांत दिसतो तो आधी दाखवा, मग सही करतो.

नमस्कार.