पुढून राजा, मागून रुपया, आणि कड कुठाय?

सकाळचे साडेसात. साताऱ्यात राजवाड्यामागच्या बोळातली ही पहिल्या मजल्यावरची खिडकी, आणि ऊन थेट जुनी नाणी पारखणाऱ्या काकांच्या तळहातावर. ट्यूबलाइटखाली काका नाणं बघतच नाहीत, उन्हाची वाट बघत चहा घेत बसतात.

हा १९११ चा चांदीचा रुपया, पंचम जॉर्जचा. जरा जवळ जाऊया... अजून जवळ. राजाच्या झग्यावर तो बारकासा प्राणी दिसतोय का? हत्ती आहे तो. पण सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं, बोंबाबोंब झाली, सरकारनं बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड दिली. म्हणूनच या 'डुकराच्या रुपया'ला आज भाव आहे, आणि म्हणूनच काकांच्या मोबाईलवर रोज कुणाचा तरी फोटो येऊन पडतो, "काका, ओरिजिनल ना? कंडिशन कशीये?"

आता हे बघा. एकच रुपया, दोन फोटो. पहिला समोरून फ्लॅश मारून काढलाय, चकचकीत, एकही ओरखडा नाही. दुसरा खिडकीच्या तिरक्या उन्हात, आणि अरे देवा, राजाच्या गालावर, शेतात नांगर फिरवावा तशा एका दिशेनं बारीक रेघा! कुणीतरी रांगोळीनं घासलाय. आपल्याकडे दिवाळीत चांदीची भांडी घासतात, त्यातच आजीनं हाही घासला असणार, तिला काय बोलणार.

न घासलेला रुपया असा असतो. हलवला की उजेडाचा पट्टा नाण्यावर गोल फिरतो, कारण ठसा बसताना चांदी मधून कडेकडे सरकते आणि तिच्या बारीक रेषा तशाच राहतात. एकदा घासलं की त्या गेल्या, परत येत नाहीत. एका फोटोत हा पट्टा कळतच नाही, म्हणून काका पाच सेकंदांचा व्हिडिओ मागतात, नाणं हलवत काढलेला.

मग वजनकाटा. ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा बरोब्बर. झिजलेलं नाणं थोडं कमी भरतं, ते चालतं.

आणि कड. कडेचा फोटो कुणी स्वतःहून पाठवत नाही! पूर्वी रुपयाला कडी डाखवून माळेत ओवायचे, कडी काढली तरी डाग राहतो, वर कानस फिरवलेली असते. समोरून काढलेल्या फोटोत राजा एकदम रुबाबदार दिसतो. गेल्या वर्षी काकांच्या एका मित्रानं असाच फोटो बघून पैसे पाठवले, ते गेले, असो.

आज सकाळी आलेला हा फोटो. काकांनी उत्तर टाकलंय, "कड दाखवा." दोन निळ्या टिका आल्यात. टायपिंग... थांबलं. पुन्हा टायपिंग...