लिलावानंतर उरलेले पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपातली ती चौकट तुम्ही पाहिली असेल. ‘ई-लिलाव विक्री सूचना’, खाली ‘जे आहे जेथे आहे तत्त्वाने’, मग फ्लॅट नंबर, चौरस फूट, राखीव किंमत आणि कर्जदाराचं पूर्ण नाव. ते नाव छापून आलं की तो माणूस बँकेचा रस्ताच बदलतो. मी बरीच वर्षं बँकेच्या वसुली विभागात काढली. घर गेल्यावर बँकेत पुन्हा फिरकणारे कर्जदार मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

आता हिशेब पाहा. समजा, डोंबिवलीतला फ्लॅट लिलावात ४२ लाखांना गेला. व्याजासह येणं ३१ लाख २० हजार. जाहिरात, मूल्यांकन, पहारेकरी यांचा खर्च ६० हजार. उरले १० लाख २० हजार. हे पैसे बँकेचे नव्हेत. थकलेल्या कर्जापोटी तारण ठेवलेलं घर कोर्टात न जाता विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा म्हणजे सरफेसी. २००२ च्या या कायद्याच्या कलम १३ चं सातवं पोटकलम सांगतं की, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर विक्रीची रक्कम बँकेने विश्वस्त म्हणून ठेवायची. आधी खर्च, मग थकबाकी, आणि राहिलेली रक्कम ज्याचा हक्क त्याला. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिलाय.

मग पैसे अडतात कुठे? एकदा एक बाई शाखेत आल्या. घर जाऊन दीड वर्ष झालं होतं, यजमान वारले होते. त्यांना कर्ज फिटल्याचा दाखला हवा होता, तेवढाच. खातं उघडलं तर उचंत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेले पैसे तात्पुरते ठेवतात त्या खात्यात, मोठी रक्कम पडून. पत्र धाडलं नव्हतं का? धाडलं होतं की, रजिस्टर्ड. पत्ता मात्र त्याच फ्लॅटचा, ज्याला कुलूप आम्हीच ठोकलं होतं! ‘दरवाजा बंद’ असा शेरा घेऊन लिफाफा परत आला आणि फायलीला टोचला गेला. नियमाप्रमाणे सगळं झालेलं.

तेव्हा लिलाव झाल्याचं कळलं की बँकेला लेखी अर्ज द्या, त्यावर आजचा पत्ता आणि मोबाईल नंबर घाला, आणि पोच घ्या. तोंडी विचारलंत तर ‘बघतो’ एवढंच ऐकायला मिळेल. अर्जात मागायचं काय? विक्री किती रुपयांना झाली, खर्चाच्या बाबी कोणत्या, आणि व्याज कोणत्या तारखेपर्यंत लावलंय. ही शेवटची तारीख नीट बघा, लाखाचा फरक तिथेच सापडतो. त्याच घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा किंवा कोर्टाची जप्ती असेल, तर आधी त्यांचं मिटवावं लागतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. लिलावाच्या कारवाईवरच हरकत असेल तर कर्ज वसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी. ते मुंबई, पुणे, नागपूर इथे आहे, पण मुदत पंचेचाळीस दिवसांचीच. आणखी एक, लोकांना पटत नाही पण खरं आहे: घर बँकेने विकलं तरी भांडवली नफ्याचा कर मालकाच्याच नावावर बसतो. तेव्हा हाती आलेली रक्कम खर्चून टाकण्याआधी एखाद्या सीएला विचारा.

त्या बाईंचं पुढे काय झालं? फ्लॅट दोघांच्या नावावर होता. त्यांच्या वाट्याचे पैसे लवकर सुटले. यजमानांच्या वाट्यासाठी वारसाचे कागद लागले, दोन्ही मुलांच्या सह्या लागल्या. एक मुलगा सुरतेला नोकरीला, त्याला रजा मिळेना. आमच्या साहेबांनी फायलीतला तो जुना लिफाफा काढून त्यांच्या हातात दिला, तेव्हा बाईंनी तो फोडलाही नाही, पिशवीत टाकला आणि विचारलं, “मुलगा आला की कुठल्या खिडकीवर यायचं?”