स्लाव्हिक भाषा शिकताना रशियनवर थांबू नका

श्रोतेहो, नमस्कार.

बारावीचे निकाल लागले की काही मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे एक प्रश्न घेऊन येतात: परदेशी भाषेत पदवी करायची आहे, रशियन घेतली तर कसं? मी मुंबईत रशियन शिकले, पुढे पोलिश शिकले आणि आता शिकवते. तेव्हा मी ‘घ्या’ म्हणणार हे त्यांना ठाऊकच असतं. मीही तेच म्हणते, पण लगेच पुस्ती जोडते की रशियन घ्या, फक्त रशियनवर थांबू नका. आज मला या पुस्तीविषयीच बोलायचं आहे.

रशियन एका मोठ्या घराण्यातली भाषा आहे. पूर्वेला रशियन, युक्रेनियन, बेलारूसी. पश्चिमेला पोलिश, झेक, स्लोव्हाक आणि जर्मनीच्या पूर्व भागात आजही तग धरून असलेल्या दोन छोट्या सोर्बियन भाषा. दक्षिणेला स्लोव्हेनियन, क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनेग्रिन, मॅसेडोनियन, बल्गेरियन. आड्रियाटिक समुद्रापासून थेट प्रशांत महासागराकाठच्या व्लादिवोस्तोकपर्यंत हा पसारा आहे. या भाषा, त्यांतलं साहित्य आणि त्या बोलणाऱ्या माणसांचा इतिहास विद्यापीठात एकत्र अभ्यासला जातो, तेव्हा त्याला स्लाव्हिक अध्ययन म्हणतात.

पहिलं वर्ष कष्टाचं असतं. लिपीची भीती मात्र उगाच घेतली जाते. सिरिलिक अक्षरं आठ-पंधरा दिवसांत हाताखाली येतात. खरी कसोटी क्रियापदांची. बहुतेक क्रियापदं जोडीनं येतात, एक चालू असलेल्या किंवा वारंवार होणाऱ्या क्रियेसाठी आणि दुसरं तडीस गेलेल्या क्रियेसाठी. समजा, तुम्ही बाहेरून घरी आलात आणि कोणी म्हणालं, ‘माशा प्रिश्ला’, तर माशा आलीय, आत बसलीय, चहा टाकायला हरकत नाही. ‘माशा प्रिखदीला’ म्हणालं, तर साधारणपणे माशा येऊन गेली. हा फरक इंग्रजीतून समजावताना फळा भरून जातो. मराठी मुलांना ‘आलीय’ आणि ‘येऊन गेली’ एवढं सांगितलं की त्यांचे चेहरे खुलतात. लिहिलं, लिहून टाकलं, लिहून ठेवलं, लिहीत बसले, अशी रूपं आपण दिवसभर वापरत असतो. ती रशियन रूपांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण कान तयार असतो. विभक्तींचंही तसंच. रशियनमध्ये सहा, पोलिश आणि झेकमध्ये सात. शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेल्या मुलांनी त्यांना घाबरण्याचं कारण नाही. म्हणून मी वर्गात आग्रहानं मराठीचा आधार घेते आणि इतर शिक्षकांनीही तो घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

भाषेत थोडी गती आली की अनेक विद्यापीठांत जुन्या भाषेचा अभ्यास सुरू होतो. इसवी सन ८६३ मध्ये मोराव्हियाच्या रास्तिस्लाव राजाच्या विनंतीवरून सिरिल आणि मेथोडियस हे थेस्सलोनिकीचे दोघे भाऊ तिकडे धर्मप्रचारासाठी गेले. प्रार्थना आणि ग्रंथ लोकांच्या भाषेत आणण्यासाठी सिरिलनं लिपी घडवली. ती ग्लागोलितिक. आज आपण सिरिलिक म्हणतो ती लिपी त्यांच्यानंतर, बल्गेरियात तयार झाली. त्या ग्रंथांची भाषा म्हणजे जुनी चर्च स्लाव्हॉनिक, आणि तिच्यात संस्कृतसारखं द्विवचन आहे. पुढे रशियनमधून ते गेलं, पण स्लोव्हेनियनमध्ये आजही रोजच्या बोलण्यात आहे. दोघं जेवायला निघाले तर क्रियापदाचं एक रूप, तिघं निघाले तर दुसरं. हे पाहिलेला विद्यार्थी एका भाषेवर समाधान मानत नाही, शेजारच्या भाषेत काय झालं हे त्याला बघावंसं वाटतंच.

हा विषय विद्यापीठांत आला तो नुसत्या व्याकरणाच्या वाटेनं आला नाही. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समध्ये स्लाव्हिक साहित्याचं अध्यासन निघालं आणि डिसेंबर १८४० मध्ये तिथे व्याख्यानं सुरू केली ती आदाम मित्स्क्येविच या पोलिश कवीनं. त्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं तो वाटून घेतला होता. देश हरवलेला माणूस परक्या शहरात उभा राहून आपल्या साहित्यावर बोलत होता. १८४४ मध्ये फ्रेंच सरकारनं त्याची व्याख्यानं थांबवली. लंडनला १९१५ मध्ये किंग्ज कॉलेजात स्लाव्हिक अध्ययनाची शाळा निघाली, तिथे उद्घाटनाचं व्याख्यान तोमाश मासारिक यांनी दिलं, विषय होता युरोपातल्या छोट्या राष्ट्रांचा. तीन वर्षांनी तेच चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मला या विषयातला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे यान बोदुएन द कुर्तने. नाव फ्रेंच, माणूस पोलिश. जन्म १८४५, वॉर्सोजवळ. यानं काझान, दोर्पात, क्राकूव्ह, सेंट पीटर्सबर्ग आणि शेवटी वॉर्सो इथे शिकवलं. आज भाषाशास्त्राच्या पहिल्याच तासाला ‘स्वनिम’, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारा सर्वांत छोटा ध्वनिघटक, ही संकल्पना शिकवतात, तिची पायाभरणी बोदुएन आणि त्याचा विद्यार्थी क्रुशेव्स्की यांनी काझानमध्ये केली. पण त्याआधी हा माणूस कुठे गेला होता? इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातल्या रेझिया नावाच्या दरीत. तिथल्या मूठभर खेड्यांत स्लोव्हेनियनची एक बोली बोलतात. तिचे उच्चार त्यानं गावकऱ्यांत बसून टिपले आणि १८७५ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. छोटी भाषा त्याला मोठीइतकीच महत्त्वाची होती, आणि ही भूमिका त्यानं पुस्तकाबाहेरही निभावली. रशियन साम्राज्यातल्या लोकसमूहांना स्वायत्तता हवी असं लिहिल्याबद्दल त्यानं तुरुंग भोगला. पुढे १९२२ मध्ये, स्वतंत्र पोलंडच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव पुढे केलं ते तिथल्या अल्पसंख्याकांनी. तो निवडून आला नाही.

ही भूमिका आज पुन्हा ऐरणीवर आली आहे. जगभरचे बरेचसे स्लाव्हिक विभाग नावाला स्लाव्हिक, पण कारभारात रशियन राहिले. युक्रेनियन साहित्य असलंच तर एखाद्या ऐच्छिक पेपरात. खरं तर १८६३ मध्ये झारच्या गृहमंत्र्यानं, वालुयेवनं, परिपत्रक काढलं होतं. वेगळी अशी ‘छोटी रशियन’, म्हणजे युक्रेनियन, भाषा कधी नव्हती, नाही आणि असू शकत नाही, असं त्यात म्हटलं होतं, आणि त्या भाषेतली शाळेची व धर्माची पुस्तकं छापायला मनाई केली होती. १८७६ च्या फर्मानानं बंदी आणखी कडक केली. कोकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद गोव्यात ज्यांनी ऐकला आहे त्यांना भाषेला ‘तू नाहीसच’ म्हटल्यावर काय होतं हे वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर पुष्कळ प्राध्यापकांनी आपले अभ्यासक्रम पुन्हा तपासायला घेतले. याचा अर्थ रशियन साहित्य बाजूला सारायचं असा नाही. मी ते शिकवते, माझा त्यावर जीव आहे. पण निकोलाय गोगोल पोल्तावाच्या मुलखातला, घरी युक्रेनियन कानावर पडलेला, हे लक्षात ठेवून वाचला तर त्याच्या सुरुवातीच्या कथा जास्त उलगडतात.

आणि रशियन तरी एकटी कुठे असते? त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आसपास होर्मुझहून जहाजानं चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. तिथून पालीमार्गे तो जुन्नरला गेला. विकण्यासाठी त्यानं शंभर रूबल खर्चून एक घोडा आणला होता. जुन्नरच्या असदखानानं तो जप्त केला आणि चार दिवसांची मुदत दिली: मुसलमान हो, घोडा परत मिळेल आणि वर हजार सोन्याची नाणी, नाहीतर घोडाही गेला आणि हजार नाणी तूच भर. एका खुरासानी सरदारानं मध्यस्थी केली म्हणून निकितिन सुटला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी आपल्या पावसाळ्याची नोंद त्यानं प्रवासवर्णनात केली आहे. इथले लोक घोड्यांना हरभरे घालतात आणि खिचडी शिजवून साखर-लोण्याबरोबर चारतात, असंही तो लिहितो. हा मजकूर जुन्या रशियन साहित्याच्या अभ्यासात ठिकठिकाणी नेमलेला असतो. पण अस्सल रशियन म्हणून वाचायला घ्यावा तर मध्येच तुर्की आणि फारसी वाक्यं येतात, आणि शेवट अरबी प्रार्थनेनं होतो. आणि त्यातलं जुन्नर कुठे, पाली कुठे, हे मुंबई-पुण्याच्या मुलाला नकाशा न उघडता कळतं.

आता थोडं व्यवहाराचं. दिल्ली विद्यापीठात स्लाव्हिक आणि फिनो-उग्रियन भाषांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे रशियनसोबत पोलिश, झेक, बल्गेरियन शिकवतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात रशियन अध्ययन केंद्र आहे. मुंबई विद्यापीठात रशियन विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही रशियन शिकता येते. दुसरी भाषा इथे मिळाली नाही तर क्राकूव्ह आणि प्रागच्या विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग आहेत, आणि शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज करायला लाजू नये. नोकरीचं विचाराल तर अनुवाद, दुभाष्याचं काम, पर्यटन, अध्यापन आणि पोलंडमधल्या क्राकूव्ह-व्रोत्सवाफसारख्या शहरांतल्या आंतरराष्ट्रीय कंपन्या. दोन भाषा येणाऱ्याला दारं जास्त उघडतात, हे मी पालकांना स्पष्ट सांगते.

शेवटी एका कामाविषयी बोलते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पोलंडचा पूर्व भाग घेतला आणि या कुटुंबांना मालगाड्यांतून सैबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकलं. १९४१ मध्ये सोव्हिएत आणि पोलिश सरकारांत झालेल्या करारानंतर त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती आपल्याकडे पोचली. वळिवड्यात त्यांनी शाळा चालवल्या, चर्च उभारलं, नाटकं केली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे.

त्या छावणीतल्या एखाद्या मुलीचं आयुष्य नीट लिहायचं ठरवलं, तर काय काय वाचावं लागेल बघा. तिच्या घरची पत्रं आणि आठवणी पोलिशमध्ये. हद्दपारीची कागदपत्रं रशियनमध्ये. तिचं गाव आज बहुधा युक्रेन किंवा बेलारूसमध्ये, म्हणजे तिथल्या शेजाऱ्यांशी बोलायचं तर त्यांची भाषा हवी. आणि छावणीला दूध, भाजी, सरपण पुरवणाऱ्या गावकऱ्यांच्या घरांत ज्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्या मराठीत, तेही कोल्हापुरी मराठीत. त्या सांगणारी पिढी आता थकली आहे. यंदा प्रवेश घेणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलामुलींपैकी कोणी हे काम अंगावर घेणार असेल, तर त्यानं पहिल्या वर्षापासूनच रशियनबरोबर पोलिश सुरू करावी आणि सुट्टीत घरी गेल्यावर वळिवड्याला जाऊन ऐकायला बसावं.

नमस्कार.