झोत नेमका कुठे आहे?

(रिॲक्टरची काचेची खिडकी)
क्ष-किरणांचा झोत नेमका कुठे आहे ते सांगणारी हिऱ्याची चकती इथे जन्माला येते. ही जांभळट चमक हायड्रोजनच्या प्लाझ्माची, म्हणजे विद्युतभारित वायूची. बंद कोठीत हायड्रोजन, थोडासा मिथेन आणि मायक्रोवेव्ह. खाली आठशे-नऊशे अंश सेल्सिअसला तापलेली हिऱ्याची पातळ बीजपट्टी. मिथेनमधला कार्बन तिच्यावर बसत जातो. काही अणू ग्राफाइटच्या वळणावर जातात. हायड्रोजन त्यांना टिकू देत नाही. उरतो तो हिरा. वाढ तासाला काही मायक्रोमीटर, घाई करून भागत नाही. आणि नायट्रोजन? दर अब्ज अणूंमागे पाचाहूनही कमी. खाणीतला हिरा दागिन्यात कितीही मिरवो, इतका स्वच्छ तो क्वचितच सापडतो.

(सूक्ष्मदर्शकाखाली चकती)
लेझरनं कापून, घासून घासून पातळ केलेली चकती. जाडी 50 मायक्रोमीटर, बारीक केसाएवढी. वर धातूचा मुलामा. आता मधोमध बघा, अधिकच्या चिन्हासारखी फट आहे. तिनं मुलाम्याचे चार भाग केलेत, प्रत्येकाला आपली वेगळी तार.

(बीमलाइन, म्हणजे झोत प्रयोगापर्यंत नेणारी वाट)
सिंक्रोट्रॉनमधून, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगानं गोल फिरवून क्ष-किरण काढणाऱ्या यंत्रातून, आलेला झोत या चकतीतून आरपार जातो. दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असेल, तर जेमतेम 4 टक्के इथे अडतो. बाकीचा पुढे प्रयोगाकडे. पण तेवढं पुरतं. हिऱ्यात शोषलेला एकेक फोटॉन सातशेच्या वर इलेक्ट्रॉन मोकळे करतो. व्होल्टेज लावलेलंच असतं, त्यामुळे चार तारांतून चार प्रवाह वाहू लागतात. झोत बरोबर मध्यावर, तर चारही सारखे. उजवीकडे सरकला, की उजवे दोन वाढले. उजव्यांतून डावे वजा करा, सगळ्यांच्या बेरजेनं भागा. झोत किती ढळला ते हातात. शिवाय बेरीजच झोताची तीव्रता सांगते, त्यासाठी वेगळं उपकरण नको.

(संगणकाचा पडदा)
ठिपका म्हणजे झोताची जागा. तो हलतोय, कारण मोनोक्रोमेटरमधले, म्हणजे हव्या त्याच ऊर्जेचे क्ष-किरण निवडणाऱ्या उपकरणातले, सिलिकॉनचे स्फटिक झोतानं तापतात, थंड करणाऱ्या यंत्रणेनं थरथरतात. आता फीडबॅक सुरू केला: झोत ढळला, की यंत्रणाच त्याला परत मध्यावर आणते.

(पाच सेकंद निवेदन नाही)

प्रथिनांचे इवलेसे स्फटिक असोत की बॅटरीतली रसायनं, मोजमापांवर भरवसा ठेवता येतो तो यामुळे.

(तांब्याची चौकट, पाण्याच्या नळ्या)
आणि उष्णता? हिरा तांब्याच्या पाचपट वेगानं ती वाहून नेतो, म्हणून तीव्र झोतातही टिकतो. एकस्फटिकी, म्हणजे अखंड एकाच स्फटिकाच्या, चकत्या मात्र काही मिलिमीटरच्याच मिळतात. झोत रुंद असला, तर बहुस्फटिकी, म्हणजे अनेक बारीक स्फटिककण जुळून झालेल्या, हिऱ्यावर भागवावं लागतं, आणि कणांच्या सीमांवर वाचन थोडं डळमळतं.