भाकरी फुगते तेव्हा

(पहाट. चुलीतला जाळ. काटवटीत पीठ पडतं.)

थाप, थाप, थाप.

मंगळवेढ्याजवळच्या आमच्या घरात दिवस या आवाजाने उजाडतो. याच आवाजाने जागा होत मी लहानाचा मोठा झालो. पण एक भाकरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना मी कधी बघितलीच नव्हती. ताटात आली की मोडायची, एवढंच ठाऊक. या खेपेला कॅमेरा घेतला आणि आईच्या शेजारी चुलीपाशी बसलो.

आधी आधण. पाण्याला उकळी आली की आई ते पिठात ओतते, उलथन्याने हलवते आणि हाताला सोसेल एवढं निवलं की मळायला घेते. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. नुसत्या गार पाण्यात भिजवलेल्या गोळ्याच्या कडा थापताना फाटतात. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. आईचा शब्द आहे ‘विरी’. दळण फार दिवसांचं झालं की ती पीठ चिमटीत घेऊन सांगते, "याची विरी गेली."

(शेत. थंडीतली सकाळ. शाळूच्या कणसांवर दव.)

हे पीठ ज्या ज्वारीचं, तिची गोष्टही पाण्याचीच. आमच्याकडची ही मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची पेरणी होते पावसाळा सरता सरता. त्यानंतर पाऊस जवळजवळ नाहीच. सप्टेंबरात पडलेलं पाणी काळी माती पोटात धरून ठेवते आणि त्याच ओलीवर हे पीक पुरुषभर उंच होतं, हुरड्यात येतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगा बघितल्या की पटत नाही, पण आमच्या कणग्या भरल्या त्या याच रानाने.

(पुन्हा चूल. तव्याचा जवळून घेतलेला शॉट.)

आता नीट बघा. इथून पुढचं सगळं मिनिटा-दोन मिनिटांत होतं.

आईने भाकरी तव्यावर टाकली. पिठाची बाजू वर. लगेच तिने ओल्या हाताने वरून पाणी फिरवलं, कडेपर्यंत. आधी ती ओल चकाकते, मग मंद होत जाते. मी विचारलं, "आई, कधी उलटायची ते कसं कळतं?"

"दिसतंय की. पाणी पार वाळलं तर चिरती."

आणि उलटली. त्या पाण्याने वरचं कोरडं पीठ शिजून त्याचा पातळ पापुद्रा झालेला असतो. खालची बाजूही भाजून घट्ट होते. मधे राहतो तो ओला गर, दोन बाजूंमध्ये कोंडलेला. आई तवा बाजूला घेते आणि भाकरी इंगळावर टेकवते.

आधी एका कडेला छोटा फुगा येतो. तो सरकतो. दुसरा येतो, दोघे एक होतात, आणि भाकरी सबंध उचलली जाते.

पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. चमचाभर पाण्याच्या वाफेने आठ लिटरची कळशी भरेल. गरातलं थोडंसं पाणी वाफ होऊन जागा मागतं, बाहेर पडायला वाट सापडत नाही, म्हणून ते भाकरीचे दोन पदर एकमेकांपासून सोडवतं. कुठे बारीकशी चीर राहिली असेल तर वाफ तिथून निघून जाते आणि भाकरी बसते. म्हणून तर तो ओला हात कडेपर्यंत फिरायला हवा.

हे चित्रीकरण मी सावकाश चालवून किती वेळा पाहिलं, मोजलं नाही. दर वेळी त्या पहिल्या फुग्यापाशी माझा श्वास थांबतो. यीस्ट नाही, सोडा नाही. पीठ, पाणी, जाळ आणि आईचा हात. वर्षानुवर्षं हे माझ्यापासून चार हातांवर घडत होतं आणि मी आतल्या खोलीत पांघरूण ओढून पडलेला असायचो.

(आईचे हात.)

आईने फुगलेली भाकरी उचलली. बोटाने कडेला जरासं टोचलं. वाफेची एक बारीक रेघ वर गेली, पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात क्षणभर दिसली. भाकरी टोपलीत पडली.

आईचं तिकडे लक्ष नव्हतं. पुढचा गोळा तिच्या हातात होता.

थाप, थाप, थाप.